पाहिलं त्याचा वाटा

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उशिरा लिहायला बसलो, माफी असावी. शुक्रवारपासून पान कोरं आहे. पण घरी पाहुणा होता. अजून आहे. पाहुणा म्हणजे डुक्कर. रानडुक्कर.

नीट सांगतो, नाहीतर उद्या माझं मलाच कळायचं नाही.

शुक्रवारी सकाळी कापून रचलेल्या धानाचं पुंजणं पाहायला शेतात, बांधीत गेलो. धुऱ्यावर, बांधावरच्या तुरीच्या ओळीत काहीतरी खसखसलं. पाहतो तर तारेचा फासा, आणि फाशात डुक्कर. नर, अजून पुरता वाढलेला नाही. पुढचा पाय तारेत, जीभ बाहेर. धुरा माझा. तूर माझी. आणि आमची मोनाली, माझ्या उमेंद्रची पोरगी, वनरक्षक म्हणून निवडली गेलेली. ट्रेनिंग संपत आलं, नेमणुकीचा कागद कोणत्याही दिवशी येईल. वनरक्षकाच्या आजाच्या धुऱ्यावर फाशातलं डुक्कर सापडलं तर? कागद वाटेतूनच परत जाणार.

डोकं घाबरलं की माझे हात भलतंच करतात. हातात पाण्याची बाटली होती. ती त्याच्या तोंडावर ओतली. ते प्यालं. सगळं प्यालं.

मग बाबांचा शब्द आठवला. बाबा शिकारीतले जाणते. ते म्हणायचे, फाशातलं जनावर आपल्या हातचं पाणी प्यालं की ती शिकार नाही, तो पाहुणा. त्याला कापायचं नाही. हाकलायचंही नाही. आपल्या पायाने जाईल तेव्हा जाईल. म्हणून फासा पाहायला जाताना आमच्यात कोणी पाणी नेत नसे. आणि मी बाटली घेऊन गेलो!

खुंटी उपटली, फासा ढिला केला, पाय निघाला. मी पळालो. ते लंगडत मागे आलं. मी ढेकूळ मारलं. त्याने ढेकळाचा वास घेतला आणि पुन्हा मागे आलं.

बायको, सावित्रीबाई, अंगण सारवत होती. तिने आधी मला पाहिलं, मग त्याला.

"पुंजनं पायाले गेले होते ना तुमी?"

"पाणी प्यालं गं ते," मी म्हणालो.

सावित्रीबाई जुन्या घरची आहे. तिने कपाळाला शेणाचा हात लावला आणि कोंडा आणायला आत गेली.

१९ नोव्हेंबर

गोठ्यात आहे. म्हशीने दूध दिलं नाही. डुकराने कोंडा खाल्ला, वर म्हशीची पेंडही खाल्ली. पायाला हळद लावायला गेलो तर सुळा दाखवला. सावित्रीबाईने लावली तर गप्प राहिलं.

उमेंद्रला सांगितलं. त्याने गोठ्यात डोकावलंच नाही. "ठेवा मंग," एवढं म्हणाला आणि सायकल काढून कामावर गेला. त्याची मोटारसायकल बंद आहे. पोरगं चिंतेत दिसतं. माझ्यासारखंच.

२० नोव्हेंबर

मनिराम आला. आम्ही दोघं लहानपणी शिकारीच्या हाक्याला बरोबर जात होतो. त्याला आत येऊ देणार नव्हतो, पण तो गोठ्याच्या बाजूनेच आला. वास लागला असणार. नाक अजून शाबूत आहे त्याचं, दात गेले.

"चैतराम, डुक्कर होय ना गा ते?"

"नाही."

"मी पायलो. माहा वाटा."

आता हाही नियम खरा आहे. शिकार पडताना ज्याने पाहिली त्याचा वाटा. वाटेने जाणाऱ्या परक्याचासुद्धा, हाक्यातल्या कुत्र्याचासुद्धा. बाबा कोणाला रिकामा पाठवत नसत. पण हे पडलेलंच नाही, उभं आहे, कोंडा खाऊन राहिलं आहे. मी म्हणालो, "तो पाहुणा आहे, मनिराम. माझ्या हातचं पाणी प्यालाय."

"पाहुना असो का जवाई असो. मांडी माही."

"दात कुठे आहेत तुला?"

"शिजवून खाइन. तू कायले चिंता करतं?"

कोणाला सांगू नको म्हणून त्याला कोंबडा दिला. चांगला होता, तांबडा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कोंबडा वाया गेला. गावभर झालं.

सकाळपासून लोक कुंपणाशी येऊन पाहून जातात. बोलत काही नाहीत. पाहतात, मान हलवतात, जातात. म्हणजे वाटा लागला. खुशाल तर नातवाला खांद्यावर घेऊन आला आणि त्याला म्हणाला, "पाय रे, नीट पाय." दोन वाटे!

सावित्रीबाईने कुंपणावर लुगडी, चादरी, माझं धोतर, सगळं वाळत घातलं. ओलं नव्हतं काही. पण दिसत नाही तर वाटा नाही.

दुपारी रुख्मिणीबाई आली, चादरीपलीकडूनच बोलली. "मी पायली नाइ, पन घुरघुर आयकली. अर्धा वाटा होते का नाइ?"

बाबा ऐकण्याबद्दल काही बोलले नव्हते.

२३ नोव्हेंबर

बोरिंगपाशी लोक बसले. मलाही बोलावलं. ऐकणाऱ्याला वाटा द्यायचा का, हा विषय. मी उठून म्हणालो, आधी हे तर ठरवा की डुक्कर कोण कापणार. सगळे म्हणाले, तूच, तुझ्या घरी आहे. मी म्हणालो, पाहुण्याला कापत नाहीत. सगळे म्हणाले, बरोबर आहे. मग पुन्हा वाट्यावर बोलायला लागले.

शेवटी ठरलं ते असं. घुरघुर ऐकली तर पाव वाटा. नुसता वास आला तर रस्सा.

मला हसू आलं नाही. माझ्या नातीचा कागद यायचा आहे. मी हात जोडले, म्हणालो, पोरीची नोकरी जाईल रे, गप्प राहा. मनिराम म्हणाला, "आमी कोनाले सांगतो? गावातलेच त सगळे आहोत."

झोप नाही. तोच तो विचार. आमच्यावेळी फासा अंबाडीच्या दोरीचा. जोराचं जनावर दोरी तोडून जाई आणि बाबा त्याला वाईट म्हणत नसत. म्हणायचे, त्याचं होतं ते घेऊन गेलं. पिलं असलेली मादी सोडायची. पाणवठ्यावर फासा नाही. उन्हाळ्यात तर नाहीच. जंगल आम्हाला द्यायचं, पण आधी जनावराला विचारून. तारेत विचारणं नाही. तार हाडापर्यंत जाते. असला फासा माझ्या धुऱ्यावर कोणी लावला? मी आठवडाभर डुकराचं पाहतो आहे आणि हे विचारलंच नाही!

२४ नोव्हेंबर

विचारायची गरज पडली नाही. तो फासा मी कोठीत लपवला होता. आज बाहेर काढून उजेडात पाहिला. एका टोकाला शिशाची गोळी. गाडीच्या क्लचची तार.

अंगणात उमेंद्रची मोटारसायकल उभी. क्लच दाबून पाहिला. सैल. आत तारच नाही.

संध्याकाळी तो सायकलवरून आला. मी तार पुढे धरली. तो पायरीवर बसला.

"कायले रे?"

चपला काढल्या. मग म्हणाला, "पोरीच्या नोकरीचं जेवन द्याचं होतं, बाबा. सारा गाव मांगून रायला होता. डुकराचं मटन पायजे म्हनत होते."

वनरक्षक झाली म्हणून डुकराचं जेवण. सावित्रीबाई आतून म्हणाली, "आनि पोलीस झाली असती त का चोरी करून आनला असता?"

गोठ्यातून घुरघुर आली. रुख्मिणीबाईच्या घरापर्यंत गेली असणार.

२६ नोव्हेंबर

काल पाय बरा वाटला म्हणून मी आणि उमेंद्र त्याला जंगलाच्या कडेपर्यंत घेऊन गेलो. हाकललं नाही. आम्ही चाललो, ते मागे आलं. कडेला पोचल्यावर आम्ही मोहाच्या झाडाआड लपलो. त्याने इकडे तिकडे पाहिलं, मुळं उकरली. आम्ही मागच्या वाटेने घरी आलो. ते आमच्याआधी पोचलं होतं.

आज गोठ्याऐवजी ओसरीवर झोपलं आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मोनालीचा फोन. नेमणूक झाली. कुठे? आमच्याच बाजूच्या बीटवर, म्हणजे तिच्या राखणीच्या हद्दीत! आमची बांधी त्यातच येते. "आजा, खुश आहेस ना?" विचारत होती. मी म्हणालो, खुश आहे. मागे डुक्कर घुरघुरलं. "खोकला झाला का गा तुले?" म्हणाली. मी म्हणालो, हो.

रविवारी येणार. वर्दीत येणार.

३० नोव्हेंबर, रविवार

आली. स्कूटीवर. टोपी, पट्टा, पायात काळे बूट. मला रडू येईल असं वाटत होतं, तेवढ्यात तिने ओसरीवर पाहिलं.

"आजा, हे कोनाचं?"

"पाहुणा आहे."

तिने पायावरची जखम पाहिली. गोल, कापल्यासारखी. आमची पोरगी वाकून कितीतरी वेळ तेवढंच पाहत राहिली. मग उठली. चेहरा बदलला होता. "फासा कोनी लावला?"

"मी," मी म्हणालो. विचार न करता म्हणालो. म्हातारा आहे, मला काय होणार आहे.

"कसा लावला?"

मी सांगितलं. अंबाडी भिजवायची, तीन पदरी वळायची, सरकगाठ, तुरीच्या खोडाला वाकवून...

"आजा," ती म्हणाली, "हे तारेचं आहे. तुले तारेची गाठ येते का?"

येत नाही.

उमेंद्र घरातून आला. तार स्वतःच्या हातात घेऊन आला. "मी लावलो," म्हणाला. "तुह्याच जेवनासाठी."

ती रडली नाही. टोपी काढली, आजीच्या पाया पडली, माझ्या पडली, बापाच्या पडली. टोपी घातली. मग जखमेचा फोटो घेतला, तारेचा घेतला, कागद काढून लिहायला बसली. उद्या गाडी येऊन डुकराला घेऊन जाईल, म्हणाली.

मी म्हणालो, "पोरी, तुझी पहिली केस..."

"पयलीच सोडली त दुसरी कशी करू, आजा?"

उमेंद्रची गाडी तारेवाचून बंद. म्हणून तिने त्याला आपल्याच स्कूटीवर मागे बसवलं. सावित्रीबाईने डबा दिला. एकच. "दोघंबी खा," म्हणाली. बापाने डबा मांडीवर धरला. दोघं वनखात्याच्या ऑफिसला गेले. चादरींच्या फटीतून सारा गाव पाहत होता.

१ डिसेंबर

पहाटे ओसरी रिकामी. कोंडा संपलेला. धुऱ्याकडे पावलं गेलेली, एक हलकं, तीन खोल. आपल्या पायाने गेला. बाबा म्हणायचे तसंच.

गाडी आली, रिकामी गेली. साहेबाने गावात विचारलं, डुक्कर कोणी पाहिलं का. मनिरामने पाहिलं नाही. खुशालने नाही, त्याच्या नातवाने नाही. रुख्मिणीबाईने ऐकलंसुद्धा नाही. साहेब म्हणाला, फोटोत नुसता पाय दिसतो, मग त्या पोरीने खोटंच लिहिलं की काय? उद्या येऊन सांगा, कोणी पाहिलं असेल तर.

पाहिलं म्हटलं तर पोरगा आत जातो. नाही म्हटलं तर नात खोटी पडते. सगळा वाटा आता माझा आहे. कोणी पावसुद्धा मागत नाही.

कुंपणावरून धोतर काढलं. पुरतं वाळलं आहे. तेच नेसून उद्या सकाळी जाईन आणि पाहिलं ते सांगेन.

मोनाली, उमेंद्र, तुम्ही ही वही वाचत नाही, तरी लिहितो. दोघं जेवलात का, एवढं कळवा. लवकर कळवा.