शाकाहारी जिताडे

१८ जून
जिताडा आला! ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत बोटाएवढी पाचशे पिल्लं. पोशाला आजपासून तळ्यावर कामाला ठेवलाय, निधड्या छातीचा गडी. दोघांनी मिळून सगळी पाण्यात सोडली. एकही मेलं नाही. सुरुवातच झकास.

हे माशांचं बी देणारा माणूस फार बोलतो. म्हणे जिताडा खाडीतला, मांसाहारी जात. गोड्या पाण्यात जगेल, पण खाद्यात मासळीचं कूट पायजेच. आणि दर आठवड्याला चाळून मोठे वेगळे, बारके वेगळे करा, नायतर... पुढचं ऐकू आलं नाही, टेंपोवाला हॉर्न मारत होता. असो. रसायनीच्या कंपनीत तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल बघितलंय मी. हा मला चाळण्या शिकवतोय.

संकल्प: पुढच्या मे महिन्यात हर्षलाच्या हळदीला माझ्या तळ्यातला जिताडा. आमच्या पंगतीला आणि व्याह्यांच्याही. साखरपुड्यात चारचौघांत बोलून बसलोय. व्याही चांगोशेठ पेणच्या खारेपाटातले, जन्म जिताड्यात गेलेला. त्यांचा भाऊ तेव्हा हसला होता. म्हणाला, पळसदरीच्या डोंगरात जिताडा पिकला तर मिशी काढून टाकीन. वस्तरा तयार ठेव म्हणावं.

२५ जून
सुकटीचा डबा घेऊन चंद्राबाईच्या गिरणीत गेलो. तिनं झाकण उघडलं आणि मला डब्यासकट बाहेर काढलं. म्हणे, माज्या गिरणीत सुकट दळलीस तर महिनाभर आख्ख्या गावाची भाकर वास मारंल रं, उपास करणारी मानसं हायेत. पुढं जे म्हणाली ते लिहीत नाही.

घरी येताना शांतपणे विचार केला आणि स्वतःच्या मनानं निर्णय घेतला. मासळी बंद. सोयापेंड, शेंगपेंड, भाताचा कोंडा आणि चवीला गूळ. प्रोटीन ते प्रोटीन, माशाला काय कळतंय कुठून आलं ते! जगभर मासळीच्या जागी सोया चाललाय, यूट्यूबवर आहे. शेवटी 'काही प्रमाणात' असं म्हणतात, पण ते लोक मुळातच भित्रे.

पेंड चंद्राबाईनं निमूट दळून दिली. मी तिला घाबरलो वगैरे नाही.

९ जुलै
खाद्य पाण्यावर तसंच तरंगतंय. म्हणजे पोटं भरलेली आहेत. उद्यापासून निम्मं टाकायचं.

हिचं म्हणणं, उपाशी असतील. म्हटलं, तुला माशांतलं काय कळतंय? म्हणाली, खाण्यातलं कळतंय.

४ ऑगस्ट
सॅम्पलिंग. जाळ्यात चार आले. दोन चांगले वीतभर, दोन अजून बोटाएवढेच. सरासरी उत्तम. वीतभरवाल्यांचा फोटो चांगोशेठना पाठवला. त्यांनी विचारलं, चाळताव ना? मी अंगठा पाठवला.

पाण्यावर मेलेला मासा एकही नाही. मॉर्टॅलिटी झिरो. कंपनीत असतो तर सत्कार झाला असता.

१९ सप्टेंबर, संध्याकाळ
आज जाळ्यात एकच. मोठा आहे, पण एकच. परत टाकलं, रिकामं. परत टाकलं, रिकामं.

चोर म्हणावा तर बांधावर पावलं नाहीत. पोशा म्हणाला, सायेब, मेल्यालं दिसत नाय आन जित्तंबी दिसत नाय, मंग गेलं कुटं? हे असं मोठ्यानं बोलायची गरज होती का?

मग म्हणाला, गिऱ्हा असंल. पाण्यातलं भूत. माणसालाबी पायाला धरून खाली नेतंय. म्हटलं, अरे मी सायन्सचा माणूस. घरी येऊन अंघोळ केली नाही. टाकीत वाकावं लागतं.

१४ ऑक्टोबर
भरदुपारी तळ्यात थपाक असा आवाज. बांधावर बेडूक बसला होता. आवाजानंतर नव्हता.

सीसीटीव्ही बसवला. खाद्य आता लांबून टाकतो, बांबूला अंघोळीचा मग बांधलाय. ही भीती नव्हे, बायोसिक्युरिटी.

२ नोव्हेंबर
फुटेज बघितलं. नुसतं पाणी. मग पाण्यावर एक फुगवटा येतो, लांबट, सरळ रेषेत चालत येतो आणि काठाशी थांबतो. मी रोज उभा राहतो, बरोब्बर तिथंच.

मोबाइल पालथा ठेवला. गोधडी ओढून घेतली. ही म्हणाली, ताप आलाय का? म्हटलं, आलाय.

२३ नोव्हेंबर
पोशानं हात धुवायला पाण्यात घातला आणि बोंबलतच उठला. बोट खरवडून निघालेलं, रक्त. चपला तिथंच टाकून पळाला. संध्याकाळी निरोप आला, कोंडाण्याला मेव्हण्याकडं काम मिळालंय, येनार नाय.

चपला अजून काठावर आहेत. आणायला मीच जाणार आहे. आज वारा फार आहे.

८ जानेवारी
हिनं पाळलेल्या बदकाचं पिल्लू तळ्यात उतरलं. मी खिडकीतून बघत होतो. पिल्लू होतं. मग नव्हतं. आई गं! हिला सांगितलं, घारीनं नेलं.

बांधाच्या चारी कोपऱ्यांना लिंबू-मिरची बांधली. दोन लिंबं पाण्यातही टाकली. व्हिटॅमिन सी.

मगला लावलेला बांबू आखूड पडतो. लांब बघायला हवा.

१७ मार्च
हर्षला आज समोर येऊन बसली. म्हणाली, बाबा, एकदा जाळं ओढून बघा ना. मासे नसतील तर आत्ताच त्यांना सांगून टाका. मला जन्मभर त्या घरात राह्यचंय. प्रत्येक पंगतीला माझ्या ताटाकडं बघून हसतील ते. बोलता बोलता डोळे भरले तिचे.

मी म्हटलं, वेडी आहेस का, तळ्यात काहीतरी आहे हे मला पक्कं माहीत आहे. हे खोटं नव्हतं.

नंतर मागच्या ओट्यावर बसून राहिलो. भीती वाटते. लिहून टाकतो, कोण वाचतंय! तळ्याची वाटते. चांगोशेठची त्याहून जास्त वाटते. आणि तळ्यात काही निघालं नाही तर पोरीकडं कसं बघू, याची सगळ्यात जास्त.

संकल्प: उद्या जाळं ओढायचं. काहीही होवो.

१८ मार्च
पाठ धरली आहे. आणि मुळात जाळं ओढलं की माशांना स्ट्रेस येतो.

६ मे
उद्या हळद. सकाळीच तळ्याला पंप लावला. चांगोशेठ स्वतः आले, टेंपो, बर्फ, टोपल्या आणि मिशीवाला भाऊ घेऊन. अर्धं गाव बांधावर. मी आंब्यामागं उभा राहिलो. तिथून लेव्हल नीट दिसते.

पाणी कमरेएवढं झालं. गुडघ्याएवढं झालं. काहीच हलेना. मग घोट्याएवढ्या चिखलात एक पाठ दिसली. हातभर लांब, काळपट रुपेरी. एकच. तोंड वासलेलं आणि त्या तोंडातून दुसऱ्या जिताड्याची शेपटी बाहेर.

कोणीतरी पंप बंद केला. 

चांगोशेठ धोतर खोचून चिखलात उतरले. दोन्ही हातांनी मासा उचलला, बांधावरच्या पेंडीच्या पोत्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, व्याही, चाळलं नाय ना? आन वरून पेंड घातलीव? उपाशी जिताडा सख्ख्या भावाला खातो ओ. मोठा बारक्याला, त्याला त्याच्यावून मोठा. तुमची सगळी पंगत याच्या एकल्याच्या पोटात हाय.

म्हणजे तो फुगवटा हाच. बेडूक, पिल्लू, पोशाचं बोट, सगळं हाच. आठ महिने मी एका माशाला भीत होतो. पहिल्यांदा तर जीवच भांड्यात पडला. मग बांधावर हर्षला दिसली. ती माझ्याकडं बघत नव्हती.

भावानं मिशीवरून हात फिरवला. एक पिकलाय म्हनून अर्धी काढू का, असं विचारलं. बांधावरचे पोट धरून हसले. मीही हसलो. 

चांगोशेठनी खारेपाटात फोन लावला. दिवेलागणीच्या आत दुसरा टेंपो आला, मासळीनं भरलेला. माझ्या लेकीच्या हळदीची मासळी तिच्या सासऱ्यानं पाठवली. ही टोपल्या उतरवून घेत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

७ मे
हळद झाली. पंगत बसली. जिताड्याचं डोकं मानाच्या माणसाला वाढतात. चांगोशेठ काल रात्रीच मुलाच्या हळदीसाठी घरी गेले, पण जाताना हिला बजावून गेले होते की तळ्यातल्याचं डोकं मुलीच्या बापालाच द्यायचं. प्रेमानंच बजावलं असणार.

ताटात आलं. रश्शातून वर बघत होतं. तोंड तसंच वासलेलं. माझा हात पुढं जाईना. शेजारचे जेवायचे थांबले. मी घाबरलो नव्हतो, भूक नव्हती.

हर्षला उठून आली. अंगभर हळद, हातात हिरवा चुडा. माझ्यासमोर बसली, डोकं फोडलं, गालाजवळचा मऊ तुकडा काढला आणि माझ्या तोंडाशी धरला. म्हणाली, खा बाबा, मेलाय तो.

पंगत हसली. तीही हसली. कालपासून पहिल्यांदा हसली.

खाल्ला. चव चांगली होती. पेंडीची अजिबात नव्हती.