मालकांचं मन पालटलं आणि माझी मशीन

ताडकळस, बुधवार

चि. मुंजाजीस तुझ्या सरजाअक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? शुभदाला म्हणावं, शेवया पोचल्या, पण माझ्या पोटात नाही गेल्या (का ते खाली कळेल). इकडं सगळे खुशाल आहेत. फक्त मालकांचं मन पालटलंय. फोनवर सांगता येत नाही, कारण ते शेजारीच बसलेले असतात. आमच्या गल्लीतली माधवी तुमच्या बोरीला माहेरी जायलीय, तिच्या हाती हे पत्र देते.

तुझे दाजी तुला ठाऊकच आहेत. उन्हाळ्यात घरचा पंखा बंद ठेवून गावच्या वाचनालयातल्या पंख्याखाली बसणारा माणूस. तिथं नुसतं बसलं तर नागसेन सर उठवतात, म्हणून हातात पुस्तक धरावं लागतं. धरता धरता एक दिवस वाचलं गेलं. म्हणे फार जुनी गोष्ट. एका चिक्कू सावकाराला स्वप्नात स्वतःचाच दहावा दिसतो. पिंड मांडलाय, भाऊबंद उन्हात ताटकळलेत आणि कावळा काही शिवंना. एकजण विचारतो, ह्याची काय इच्छा राहिली असंल? दुसरा म्हणतो, आपल्या सगळ्यांचं जेवण वाचवायची. सावकार दचकून उठतो, घरातलं सगळं वाटून टाकतो, गाव त्याला डोक्यावर घेतं आणि गोष्ट संपते. (दुसऱ्या दिवशी सावकाराच्या बायकोनं चुलीवर काय शिजवलं, ते लिहिणाऱ्याला सुचलंच नाही.)

मालक घरी आले ते डोळे पुसत. मला वाटलं, वाचनालयाचा पंखा बिघडला. दोन दिवस जेवले नाहीत, आणि तेवढीच बचत असंही म्हणाले नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरले. तिसऱ्या दिवशी दानधर्म सुरू झाला. शुभदाच्या शेवया पुजाऱ्याला, माझी नवी वाकळ शाळेच्या शिपायाला, आपल्या आईची पितळी घागर देवळाला. घागरीवर 'चंद्रभानराव यांजकडून' असं नावही घालून घेतलं. आता चौकात लोकं वाकून रामराम घालायलेत. पण तू हिशेब बघ, गेलं ते सगळं माझं. त्यांची मोटारसायकल, त्यांचं कुलपातलं कपाट, सडकेकडची जमीन, सगळं जिथल्या तिथं आहे.

हेही मी गिळलं असतं. पण परवा त्यांनी ग्रामसभेत उठून माझी शिलाई मशीन महिला मंडळाला देऊन टाकली. मुंजा, तू पहिल्या पगारातून घेऊन एसटीच्या टपावर चढवून आणलेली तीच मशीन. बावीस वर्षं तिच्यावर ब्लाऊज शिवून मी पोरीला नर्सिंगला धाडलं, तेलाची कुपीसुद्धा त्यांना मागितली नाही. मी घरी येऊन लय रडले. तर मला म्हणतात, "अगं, माझ्या पिंडाला कावळा शिवायचा असंल तर एवढं करावंच लागंल." माझ्या मशीनवर ह्यांचा कावळा!

माहेरची वस्तू मेहुण्याला विचारल्याबिगर कुणाला देत नाहीत, हे आपल्यात लहान लेकरालाही कळतं. मशीन रविवारी नेणार आहेत. तू शनिवारी ये आणि चार माणसांत नाही म्हण. एवढं एक कर माझ्यासाठी.

तुझी,
सरजाअक्का

ता. क. (गुरुवार) माधवीची एसटी चुकली, म्हणून पत्र घरीच राहिलं. बरंच झालं. आज मंडळात मालकांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. सरपंच कुसुमबाईंनी मलाही दोन शब्द बोलायला लावलं. मी म्हणाले, "मालक लाजाळू हायेत म्हणून मीच सांगते. मशीन ठेवायला जागा पायजे, तर सडकेकडची दोन गुंठे जमीन बी ते मंडळाला द्यायलेत." टाळ्या लय झाल्या. मालकांचं तोंड उघडलं होतं, त्यात कुणीतरी पेढा घातला.

ता. क. दुसरं (शुक्रवार) मालकांना ताप आहे. सकाळी कुसुमबाई जमिनीचा कागद घेऊन आल्या, तर पांघरुणातूनच बोलले की आमच्या घरातली काडीसुद्धा मी मेहुण्याला विचारल्याशिवाय देत नाही. मशीन असो नाहीतर जमीन, मुंजाजी म्हणेल ते मला कबूल. दोन पंचांसमोर बोलले आणि तुझा नंबरही स्वतःच दिला. तेव्हा आता यायची तसदी घेऊ नको, कंबर सांभाळ. माधवी आज हे पत्र पोचवील, उद्या कुसुमबाईंचा फोन येईल. मशीनला नाही म्हण. जमिनीला हो म्हण.