दोन बोटं जास्त

२ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार या वेळी गुडघे टेकून केला आहे, कारण आता टेकता येतात.

गेल्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांनी उजव्या गुडघ्यात इंजेक्शन दिलं. सुई पाहून मी ह्यांचा हात असा आवळला की नर्स म्हणाली, आता त्यांनाही एक द्यावं लागेल. आणि काय सांगू, त्याच संध्याकाळी जिना चढून गच्चीवर गेले! ज्या जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून वर्षभर ह्यांना हाका मारत होते, तोच जिना.

बाकी, भिंगरीचा फोन आला होता. लग्नाचा झगा मावशीनेच कापावा आणि शिवावा म्हणाली. आईचा हात खांद्याच्या वर जात नाही, तिला त्रास नको. मी लगेच हो म्हटलं. तू मनाला लावून घेऊ नकोस, कापड तेवढं पाठव.

लोभ आहेच, तो कळवत राहा.

तुझी,
धाकटी


६ जून

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आज ते मोजूनमापून देते आहे.

मनाला लावून घेऊ नकोस म्हणे! पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. भिंगरी माझी लेक. तिच्या पहिल्या झबल्यापासून मुलाखतीच्या कोटापर्यंत एकूण एक कपडा माझ्या कात्रीखालून गेला, आणि लग्नाचा तेवढा तुझ्या? दुकान दोघींचं होतं तेव्हाही कापायचे मी, शिवायचीस तू. तुझी कात्री कधी सरळ चालली आहे का? शिलाईसुद्धा अशी आत घसरायची की तुझ्यासाठी कापताना मला कडेला एकाऐवजी दोन बोटं कापड सोडावं लागायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, मीच उधळी आहे.

भिंगरीला जाब विचारला, तर म्हणाली की मी केस विंचरतानाही कळवळते. खरं आहे. दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर झोपताही येत नाही. पण मला दुखतंय म्हणून माझी जागा तू घ्यावीस, हे सोसवत नाही. सरळ सांगते, मला तुझा हेवा वाटतो. तुझ्या गुडघ्याचा वाटतो आणि तिने फोन तुला केला, याचा त्याहून जास्त.

मीही खांद्यात इंजेक्शन घेणार. तुझा गुडघा त्याच संध्याकाळी जिना चढतो, तर माझा खांदा कात्री का नाही चालवणार? झगा मीच कापणार, मीच शिवणार, आणि कडेला एकच बोट सोडणार.

माझ्यावरचा लोभ ठेव, कापडाचा सोड.

तुझी,
ताई


११ जून

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहिते आहे.

इंजेक्शन झालं. काही दिवस हात जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण मला त्यांच्यापेक्षा तुझ्या जिन्याचा भरवसा जास्त. घरी आले आणि हात वर गेला, पार कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत. आनंदाने रडूच आलं. लगेच टेबलावर कापड पसरलं, मोठी कात्री काढली आणि एका बैठकीत अख्खा झगा कापून काढला.

सकाळी चहाचा कप उचलवेना. पुन्हा डॉक्टर. ते म्हणाले, सोबत दिलेलं बधिर करणारं औषध काही तासच टिकतं, त्यामुळे संध्याकाळी दुखलं नाही. खरं औषध सावकाश लागू पडतं, आणि मधल्या वेळात मी खांदा रगडून घेतला. आता विश्रांती. मशीन बंद.

मग तुझा गुडघा कसा गं चढला? खरं लिही.

कापलेलं सगळं भिंगरीबरोबर पाठवते आहे. तिच्या हातात देताना तुझा इतका राग आला की टाचण्यांची डबी मुद्दाम ठेवून घेतली. तुझ्या वापर.

राग आहे तोवर लोभही आहे, असं समज.

तुझी,
ताई


१५ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आणि कान धरून.

जिना चढले ते खरं. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला, तेही खरं. दोन दिवस पाय उशीवर, त्यावर बर्फ आणि वर ह्यांचं व्याख्यान. आराम पडला तो नंतर, हळूहळू. तेवढं मी पत्रातून गाळलं. मला धडधाकट दिसायचं होतं, नाहीतर झगा तू परत घेतला असतास. हेवा तुला एकटीलाच वाटतो का गं? तुला ती रोज आई म्हणते. माझ्या घरात तशी हाक मारणारं कुणी नाही. एका झग्यापुरती ती माझी व्हावी, असं वाटलं. माझ्या फुशारकीपायी तुझ्या खांद्याचे हाल झाले, ताई. हवी तेवढी रागाव.

आज भिंगरीसमोर कापड पसरलं. पाठ, बाह्या, घेर, सगळं तुझ्या हातचं, कात्री कुठेही अडखळलेली नाही. शिवायला घेण्याआधी सवयीने कडेला बोट लावलं. दोन बोटं. बाहीला दोन, पाठीला दोन, सगळीकडे दोन. तू स्वतः शिवणार होतीस ना? मग हे कुणासाठी सोडलंस?

मी मशीनवरच डोकं टेकलं. भिंगरी घाबरून विचारायला लागली, मावशी, काय झालं. तिला म्हटलं, काही नाही, तुझी आई उधळी आहे.

घेराची तुरपाई तुझ्यासाठी ठेवली आहे. ती मांडीवर घेऊन करता येते, हात वर न्यावा लागत नाही. डॉक्टर हो म्हणाले की ये. टाचण्या आण.

लोभ असाच, दोन बोटं जास्त, असू दे.

तुझी,
धाकटी