मेव्हण्याच्या डोक्यात माझ्या पेशी

६ जानेवारी १९८७
हिचा भाऊ विठू बोटीवरून आला तो फिट्स घेऊन. मेंदूत गाठ. मुंबईचा सर्जन म्हणतो, कापा. हिचं सगळं माहेर माना डोलावतं. मूर्ख! वाचनालयातल्या इंग्रजी मासिकात स्पष्ट आहे: अमेरिकेत रोग्याच्या पांढऱ्या पेशी बाहेर काढतात, औषधात वाढवतात आणि गाठीवर सोडतात. संकल्प: ऑपरेशन हाणून पाडणे.

९ जानेवारी
साप्ताहिकाला पाठवतो त्या गावच्या वार्तापत्रात पेशींबद्दल सविस्तर लिहिलं. संपादकाने पेशी छाटल्या, आंब्याचा मोहोर ठेवला. खुनशी माणूस.

११ जानेवारी
विठूला समजावलं. मेंदूत राखणीच्या पेशी असतात, पण गाठ त्यांना फितवते. म्हणून बाहेर तयार केलेल्या हव्यात. मी आयुष्यभर पोरांकडून शब्दरूपं घोकून घेतली. पेशी काही त्यांच्याहून ढ नसाव्यात. विठू म्हणाला, भावोजी, ती पोरं आता कुठे आहेत? उद्धट. गाठीचंच लक्षण.

१४ जानेवारी
नाटे गावी ग्रामदेवीला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेल्या कळ्यांतली उजवी पडली, म्हणजे ऑपरेशन करा. देवीने मासिक वाचलेलं नाही.
सगळे पांगल्यावर भागोजी गुरवाला थांबवलं. निदान माझ्या पेशी विठूच्या कामी येतील का, विचार म्हटलं. डावी पडली, म्हणजे नाही. पुन्हा लाव म्हटलं, तर म्हणतो, गुरुजी, देवी तुमची विद्यार्थिनी नाय.

२ फेब्रुवारी, मुंबई
उद्या ऑपरेशन. रक्त हवंय, माझा गट जुळतो. तत्त्वतः विरोध कायम. पण माझ्या पांढऱ्या पेशींवर संस्कार आहेत. आत गेल्या की गाठीला बघून घेतील. सर्जनचं तोंड बघण्यासारखं होईल. हिला म्हटलं, एक काय, दोन बाटल्या देतो. ही म्हणाली, आधी सुईकडे बघून दाखवा.

३ फेब्रुवारी
रक्तपेढीत हवा फार कोंदट.

८ फेब्रुवारी
गाठ निघाली म्हणे. विठू उठून बसला. हात हलतो, जीभ तर पूर्वीपेक्षा जास्त.
रक्त शेवटी हिने दिलं. मला घेरी आली ती सुई टोचण्यापूर्वी, त्यामुळे सुईला घाबरलो हा आरोप टिकत नाही. कपाळ स्टुलावर आपटलं. टाके पडले. आज पट्टी बांधून त्याच्या खाटेपाशी गेलो, तर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला, ‘‘काय भावोजी, तुमचीपण गाठ काढलीनी?’’
नर्ससुद्धा हसली.
मग त्याने आपली अर्धी पेज माझ्याकडे सरकवली. घेतली.
मीठ नव्हतं.