साहेबांची दोनच माणसांची मोटार

अमरावती, ता. ७ जानेवारी १९५८

चि. मनकर्णा हीस दादाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

अकोल्याच्या कापसाच्या जिनातली जुन्या साहेबांची लाल, दोनच माणसांची मोटार तीनशेत विकायला काढली आहे, असे ऐकतो. सत्तावीस वर्षांपूर्वी मी त्या साहेबांना मराठी शिकवीत असे. एकदा शेजारी बसवून त्यांनी मला चिखलदऱ्याला नेले होते. घाट चढताना इंजिन चक्क भुजंगप्रयातात म्हणत होते, यमाता यमाता यमाता यमाता!

ती दुरुस्त करून विकली तर फायदा होईल का गं? शेषराव त्याच जिनात फिटर, त्यांना नीट बघायला सांग. पोस्टात माझे अठराशे आहेत. डोळ्यांचे ऑपरेशन काय, पुढच्या वर्षी करू.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
उत्तमराव

अकोला, ता. १५ जानेवारी १९५८

ती. दादांच्या चरणी मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

यांनी मोटार पाहिली. गादीत उंदरांची बाळंतपणं झालेली, पत्र्याला बोट लावलं की आत जातं. दुरुस्तीला सोळाशे, वर विकत घ्यायचे तीनशे. एवढं करून हजाराच्या वर कोणी देणार नाही. आणि इंजिन तर जागेवरच नाही! हे म्हणतात, दादाले इचार, समोरची बैलगाडी दिसत नाही, तं मोटार कायले पाह्यजे? मी रागावले, पण डॉक्टर काय म्हणाले ते आठवा. आणखी उशीर केला तर नजर परत येणार नाही. ते पैसे हलवू नका.

इंजिन कुठं गेलं, हे विचारल्याशिवाय मात्र मलाही राहवेना. चौकीदार सांगतो, बाळापूरच्या पार्बताबाईंच्या पिठाच्या चक्कीवर आहे.

बोललेलं मनात धरू नये.

आपली,
मनकर्णा

अमरावती, ता. २ फेब्रुवारी १९५८

चि. मनकर्णा हीस आशीर्वाद. वि. वि.

परवा बाळापूरला जाऊन आलो. तुझ्याकडे उतरलो नाही, शेषराव हसले असते. इंजिन विकत मागायला गेलो होतो. पार्बताबाईंनी विचारले, कावून गुर्जी, तुमाले बी चक्की टाकाची हाये का? मोटारीचे ऐकून सगळी रांग हसली. मग म्हणाल्या, दीडशात घेऊन जा, मी नवं घेऊनच राहिली. माझा हात खिशाकडे गेला होता, खोटे कशाला सांगू.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, झाकणावर कोनं तरी काही कोरलं हाये, आमाले वाचता येत नाही, तुमी वाचा. नाकाला तेल लागेपर्यंत वाकलो. एक अक्षर दिसेना. बोटाने चाचपले, तर शिरोरेघ अक्षरांवरून घसरलेली लागली. साहेबांची तशीच घसरायची, कितीदा पट्टी आपटली मी! माझी पत्रे लिहून-वाचून देणारा शेजारचा मुलगा बरोबर नव्हता, रांगेतही वाचता येणारे कोणी नव्हते.

शेषरावांचा हिशेब बरोबर आहे, मोटार घेत नाही. ऑपरेशन वीस तारखेला, तू आदल्या दिवशी ये. पार्बताबाईंना सांगून आलो आहे, मी परत येईतो झाकण कोणाला देऊ नका. आणि शेषरावांना बजाव, मधेच सायकल काढून बाळापूरला जाऊन वाचून येऊ नका म्हणावे.

लोभ आहे तसाच असू दे.

तुझा दादा,
उत्तमराव