पहिल्या पंगतीतून कोण उठणार?

९ फेब्रुवारी २०२५

संपलं! आमच्या परभणी फुटबॉल लीगच्या वरच्या फळीत सहापैकी सहावा – मोंढा, आमच्या धान्यबाजाराचा संघ. कॅप्टन कोण? विरेश. माझा सख्खा धाकटा भाऊ! खालच्या फळीत पेडगाव पहिलं. नियम गेल्या वर्षी मीच मांडला होता – वरचा शेवटचा खाली, खालचा पहिला वर. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. लीगची सेक्रेटरीही मीच. आता बसा बोंबलत.

विरेश बूट न काढता आडवा झाला. जेवायला उठवलं तर म्हणाला, "तूच जेव."

१० फेब्रुवारी

शाळेतून येताना मोंढ्यातल्या आमच्या दुकानात डोकावले. अप्पांसमोर महारुद्रकाका ठाण मांडून – शेजारचे अडते, शिवाय लीगचे अध्यक्ष. "माहू, घरच्याच पोरांना कशाला उतरवायलीस? पेडगावला वर घे, मोंढाबी राहू दे. सहाचे सात. कोणाचं काय जायलंय?"

सहाचे सात, पुढच्या वर्षी आठ, मग नऊ. खालच्या फळीत कोण खेळणार मग, चिमण्या? तर काका म्हणतात, "देशाची वरची लीग बघ न. तिथं शेवटचा कोणी खाली गेलाय का?"

इथं माझी सटकली. कारण खरंय ते! आयएसएलमध्ये वर्षानुवर्षं शेवटी येऊनही कुणी खाली उतरलं नाही. तिच्याखाली आय-लीग, मग तिचीच दुसरी आणि तिसरी, मग राज्यं, मग जिल्हे – आणि पार तळाला आम्ही, कुणाच्या गणतीत नसलेले. एवढी लांब शिडी, आणि वरच्या पायरीवरचे हलायलाच तयार नाहीत! मी म्हटलं, "देशाचं देश बघेल, काका. परभणीचं आपण बघू."

अप्पा तराजूच्या काट्याकडे बघत राहिले.

१३ फेब्रुवारी

विरेशनं स्कूटीची किल्ली लपवली. शाळेत पीटीचा तास घ्यायला चालत गेले. लपव म्हणावं अजून!

१६ फेब्रुवारी

मीटिंग. स्टेशनमागचं मैदान, लिंबाखाली बारा कॅप्टन. पूर्णेचा सिद्धोधन निदान खरं तरी बोलला – "आज मोंढा, उद्या आमी बी शेवटी येऊ. नकोच कोणाला उतरवू, ताई." वरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. पेडगावचा आश्रुबा एरवी तोंड उघडत नाही. एवढंच म्हणाला, "आमी जिंकलोत की पण."

वरचे कॅप्टन मोबाइल बघायला लागले. लाज वाटली मला.

त्याची आई कडूबाई बाजाराला म्हणून पोरांच्याच टेम्पोतून आली होती. पिशवी मांडीवर घेऊन मागं बसलेली. तिथूनच बोलली, "लग्नात पहिली पंगत उठतच न्हाई म्हणली, तर दुसरीनं हात धुऊन किती येळ उभं राहायचं? जेवलं की उठावं. भूक लागली की परत बसावं. कोण नको म्हणायलंय?"

काका खाकरले. मतं घेतली – वरचे सहा एकीकडे, खालचे सहा एकीकडे. बरोबरी! आणि आमच्या नियमात बरोबरी फोडायची सेक्रेटरीनं – म्हणजे माझं मत. विरेश माझ्याकडेच बघत होता, लहानपणी मार चुकवायला बघायचा तसा. पण हात वर केला. मोंढा खाली!

१७ फेब्रुवारी

अप्पांनी गोलच्या जाळ्या सोडून आणल्या. "दुकानच्या हायेत, दुकानात राहतेल." मी म्हटलं, "गोल चेंडूनं होतो अप्पा, जाळीनं नाही." खोलीत येऊन रडले. रडले तर रडले – निर्णय बदलणार नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. घरात सगळ्यांचा उपास. विरेशचा बोलण्याचाही.

२ मार्च

आई कांद्याच्या रिकाम्या जाळीदार पोत्यांना टाके घालत बसलेली. दोन गोलांपुरतं शिवलं! "अप्पाला सांगू नको बरं का," – हे अप्पांसमोरच. अप्पांनी पेपर अजून वर धरला.

८ जून

विरेशचा संघ रोज पहाटे मैदानावर. माझ्याशी अबोला आहेच. पण किल्ली खुंटीवर परत आली.

२२ फेब्रुवारी २०२६

मोंढा खालच्या फळीत पहिला!!! शेवटचा गोल विरेशचा – आईच्या कांद्याच्या जाळीत. वर्षभरानं पहिलं वाक्य बोलला माझ्याशी. "आता वर घेतीस न, का अजून काही नियम हाय?" मेला.

१ मार्च

वरच्या फळीत शेवटी – पेडगाव.

संध्याकाळी दारात आश्रुबा. खाली मान. "ताई, ह्या वर्षी तेवढं राहू द्या न. सहाचे सात करा." विरेश आतून ऐकत होता. मी पान मांडलं, भाकरी वाढली. आश्रुबा जेवला. पाणी प्यायला. "जेवलं की उठावं, आईच म्हणलीय," म्हणाला – आणि आपणहून उठला.

विरेश स्कूटीवरून त्याला पेडगावला सोडून आला.