उजव्या हाताचा मुलगा

प्रिय सुहासताई,

सलाम. दोन महिने हे पत्र टाळलं, कबूल. फोनवर बोलता आलं नसतं. मी मजेत आहे. कोरमंगलातल्या पीजीत सकाळ-संध्याकाळ भात असतो. तुझं भरलं वांगं आठवायचं नाही, असं ठरवलंय.

तू बॅगेत टाकलेलं बायबल पंख्याखाली कागद दाबायला वापरत होतो. परवा उघडलं. मला वाटायचं, आई माझ्या जन्माच्या वेळी गेली, ते कायम टोचत राहावं म्हणून पप्पांनी बाप्तिस्म्याला मला बन्यामीन नाव दिलं. त्याच रागात घर सोडलं. पण ताई, याकोबाच्या बायकोनं, राहेलनं, बाळंतपणात मरताना बाळाचं नाव बेनओनी ठेवलं होतं, म्हणजे दुःखाचा मुलगा. बापानं ते बदलून बन्यामीन केलं. उजव्या हाताचा मुलगा! तुला माहीत होतं?

पप्पांचा खांदा अजून दुखतो का? मी घरी आलो तर चालेल का, विचारशील त्यांना?

थांब, आमच्या पीजीचे वॉचमन, मूळचे बेळगावचे नागराजअण्णा खालून ओरडतायत, "बन्यामीन, स्वल्प, जरा खाली ये रे! तुझे पप्पा आलेत."

पळतो.

तुझा,
बन्या